फ्यूज तार वाचवतो. माणसाला कोण वाचवतो?

(समाजाच्या सभागृहात सभासदांसमोर घरगुती वीज आणि तिच्या तक्रारी या विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी साहित्य, संगीत, इतिहास यांवर जाणकार मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीने घरातल्या विजेच्या तक्रारींवर बोलायला सांगितले, म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही शासनाच्या बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेतली पदविकाधारक माणसे. सरकारी क्वार्टर, शाळा, दवाखाने यांची वायरिंग सांभाळणे हे आमचे रोजचे काम. त्यामुळे बोलणे साधे असेल, पण घरी गेल्यावर उपयोगी पडेल असे असावे, एवढा प्रयत्न आहे.

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. ‘फ्रिजला हात लावताना पायात चप्पल घाल’, ‘कूलरमध्ये पाणी भरताना लोखंडाला हात लावू नकोस’, ‘न्हाणीघरातला तो नळ ओल्या हाताने धरू नकोस’, असा एखादा नियम आपल्या घरात आहे का? आपल्या इंदूरच्या जुन्या घरांत सुटीच्या दिवशी ओळखीपाळखीने आम्ही वायरिंग बघायला जातो, तेव्हा दर दोन-चार घरांनंतर असा नियम सापडतो. विचारले की उत्तर ठरलेले, ‘अहो, शॉक नाही तो, नुसत्या मुंग्या येतात.’

आजच्या बोलण्याचा सगळा मुद्दा या मुंग्यांचा आहे. तिथपर्यंत पोचण्याआधी नेहमीच्या तक्रारी बघू, कारण त्या कळल्या की मुंग्यांचे गांभीर्य आपोआप कळेल.

आपली बरीच कुटुंबे पिढ्यान् पिढ्या याच शहरात आहेत. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांत आजोबांनी बांधलेली घरे अजून उभी आहेत. ज्या काळात ही वायरिंग झाली तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे, एक रेडिओ आणि फार तर एक इस्त्री होती. लाकडी पट्टीवर क्लिपा मारून रबराच्या तारा नेलेल्या. आज त्याच घरात फ्रिज, गीझर, मिक्सर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि एसी आहे. मुले पुण्याला, बंगळूरला नोकरीला. आईवडिलांना त्रास नको म्हणून ती प्रेमाने एसी पाठवतात, गीझर पाठवतात. वस्तू नवी येते, भिंतीतली तार मात्र आजोबांच्या काळातलीच राहते.

हिशोब सोपा आहे. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की साधारण अँपिअर कळतात. १००० वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर. आता गीझरचा प्लग ६ अँपिअरच्या लहान सॉकेटात, वर ॲडॉप्टर लावून बसवला, तर सॉकेट तापणारच. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, पॉवर पॉइंटला अडीचची आणि एसी-गीझरला चारची, हा आजचा चालू प्रघात आहे. आपल्या घरी कोणती तार आहे, हे वायरमनला विचारायला संकोच करू नका.

आता तक्रारी एकेक घेऊ.

पहिली तक्रार, एमसीबी सारखी पडते. जुन्या घरात चिनी मातीचा फ्यूज असेल तर तो सारखा उडतो. यावर लोकांचा इलाज ठरलेला. फ्यूजमध्ये जाड तार घालायची, किंवा १६ ची एमसीबी काढून ३२ ची बसवायची. लाइट जात नाही, घरचे खूश. पण एमसीबी पडत होती ती तार तापत होती म्हणून. आता तार तापत राहील आणि पडणारे कोणी नाही. म्हणजे निरोप आणणाऱ्याला गप्प केले, निरोप तसाच राहिला. फ्यूजच्या कल्हईच्या तांब्याच्या तारेची जाडी ५ अँपिअरला ०.२ मिलिमीटर आणि १५ अँपिअरला ०.५ मिलिमीटर असते. केसासारखी तार बघून ‘ही काय टिकणार’ म्हणून तिला दुहेरी पीळ देऊ नका. ती जळण्यासाठीच आहे.

एमसीबी पडली तर असे करा. त्या लाइनवरचे सगळे स्विच बंद करा, सगळे प्लग काढा. मग एमसीबी वर करा. काहीही जोडलेले नसताना ती लगेच पडली, तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये. पुन्हा पुन्हा वर करू नका, वायरमनला बोलवा. वर राहिली तर एकेक वस्तू लावत जा. जी लावताच पडते, ती वस्तू दुरुस्तीला. आणि सगळे लावल्यावर दहा-वीस मिनिटांनी पडत असेल, तर त्या एका लाइनवर भार जास्त आहे किंवा एखादा स्क्रू सैल आहे. एवढी माहिती वायरमनला दिलीत तर त्याचा निम्मा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

दुसरी तक्रार, सॉकेट गरम होतो, काळा पडतो, जळकट वास येतो, स्विच चरचरतो. हे बहुतेक वेळा सैल जोडाचे लक्षण. स्क्रू सैल झाला की तिथे ठिणग्या पडतात, उष्णता वाढते, तार कडक होते. प्लास्टिक पिवळे दिसू लागले की थांबू नका. तो पॉइंट बंद ठेवा आणि सॉकेट बदला. वर्षातून एकदा, मेन बंद करून, सगळ्या बोर्डांचे स्क्रू आवळून घेणे हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे.

तिसरी तक्रार, पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की चालू होतो. बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. छताच्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा लागतो. किरकोळ खर्चाचे काम, पण तसाच अडकलेला पंखा चालू ठेवला तर वाइंडिंग जळते.

चौथी तक्रार, एलईडी दिवा बंद केला तरी रात्री मंद चमकतो. स्विचवर लाल बारीक दिवा असेल तर त्यातून येणाऱ्या किंचित प्रवाहाने असे होते, त्यात भीती नाही. पण तसा दिवा नसेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला असण्याची शक्यता असते. मग बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो, आणि आपण ‘बंद आहे’ म्हणून निर्धास्तपणे बल्ब बदलायला स्टुलावर चढतो. वायरमनकडून हे तपासून घ्या. तोपर्यंत बल्ब बदलताना मेन बंद.

इथे इन्व्हर्टरवाल्यांनी एक लक्षात ठेवावे. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटते लाइट गेली, आणि तो आपल्या लाइनींना बॅटरीवरून वीज देऊ लागतो. म्हणजे मेन खाली, तरी पंखा-दिव्यांच्या तारा जिवंत. काम करताना दोन्ही बंद करायचे.

पाचवी तक्रार महत्त्वाची आहे. अर्ध्या घरात लाइट नाही, पण टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत तो लागतो. लोक म्हणतात, ‘दोन्हीकडे फेज आला.’ खरे असे असते की मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो. फेज चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा फ्रिजमधून पुढे येतो आणि परत जायला वाट नाही म्हणून न्यूट्रलच्या तारेतच उभा राहतो. याचाच दुसरा प्रकार म्हणजे तीन फेजच्या जोडणीत किंवा इमारतीच्या सामायिक लाइनवर न्यूट्रल सुटला, की एका खोलीतले दिवे मिणमिणतात आणि दुसऱ्या खोलीतले एकदम लखलखतात. तेव्हा कौतुक करत बसू नका. लगेच मेन बंद करा, नाहीतर टीव्ही, फ्रिज, मोडेम एका दमात जातील. मग १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला तक्रार नोंदवा.

ही न्यूट्रलची गोष्ट ध्यानात ठेवा. आता आपण मुंग्यांकडे वळू.

लोखंडी कूलरच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या अंगावर वीज का येते? आतली एखादी तार घासते, पंपात पाणी शिरते, मोटरचे इन्सुलेशन कमजोर होते. अशी वीज जमिनीत निघून जावी म्हणून तिसरी, हिरवी तार असते. तिला आपण अर्थिंग म्हणतो. प्लगची जाड, लांब पिन तिच्यासाठीच आहे. मुंग्या येतात याचा अर्थ दोनपैकी दोन्ही गोष्टी बिघडल्या आहेत. वस्तूतून वीज गळते आहे आणि तिला जायला अर्थिंगची वाट नाही. म्हणून ती तुमच्यातून वाट शोधते. आज पायात कोरडी चप्पल आहे म्हणून मुंग्या. उद्या पाय ओला असेल.

अर्थिंग कुठे गेली, हे आपल्या घरांत बघण्यासारखे आहे. पुष्कळ जुन्या घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पाइप जमिनीत गेलेला, म्हणून काम चालत होते. पुढे पाइप गंजले, आपण प्लास्टिकचे टाकले. पाणी छान येऊ लागले, पण त्या दिवशी घराची अर्थिंग तुटली आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. अर्धे पाइप लोखंडी राहिले असतील तर आणखी वाईट. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची गळती न्हाणीघरातल्या नळावर येते.

ज्यांच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे, त्यांच्यासाठी आपल्या माळव्याची माती एक अडचण आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात वाळते आणि तिला भेगा पडतात. वाळलेल्या मातीत अर्थिंग दुबळी होते. आणि आपल्याकडे कूलर कधी चालतात? एप्रिल, मे, जूनमध्ये. लोखंडी पेटी, पाणी, ओले हात, आणि सर्वांत कोरडा खड्डा, हे सगळे एकाच वेळी जमून येते. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे. तुळशीला घालतो तसे. आणि कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण मघाशी सांगितले तसे बटण चुकीच्या तारेवर असू शकते.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. अर्थिंग नसली की काही कारागीर बोर्डाच्या आतच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्ट लॅम्प लावला की तो लागतो, स्टॅबिलायझरचा दिवा समाधानाने जळतो, आणि घरमालक पैसे देतो. आता पाचवी तक्रार आठवा. ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी न्यूट्रलवर उभा राहिलेला फेज थेट फ्रिजच्या दारावर येईल. पूर्ण २३० व्होल्ट. त्यापेक्षा अर्थिंग नसलेली बरी, कारण निदान ती नाही हे आपल्याला माहीत असते.

आता भाषणाच्या शीर्षकाचा प्रश्न. घरात एमसीबी आहे, मग माणसाला शॉक बसला तर ती पडणार नाही का? नाही पडणार. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्यावर जागी होते. माणसाचे काय? एक हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताची मूठ आवळते आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढचा प्रवाह छातीतून थोडा वेळ जरी गेला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. देवघरातला जुना १५ वॅटचा बल्ब ६५ मिलिअँपिअर घेतो. म्हणजे त्या बल्बाला लागते त्याच्या निम्म्या विजेत माणसाचा जीव धोक्यात येतो. एमसीबीच्या दृष्टीने तो एक बारीकसा दिवा लागला, एवढेच. फ्यूज आणि एमसीबी तार वाचवतात, घर जळू देत नाहीत. माणसाला वाचवणे हे त्यांचे कामच नाही.

ते काम आरसीसीबी करते. जुने लोक तिला ईएलसीबी म्हणतात. तिचे काम मुनीमजीसारखे. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, याचा जमाखर्च ती सतत ताडून बघते. हिशोबात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे वीज तिसरीकडे, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत जाते आहे. ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत घराची वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी. १०० किंवा ३०० ची माणसासाठी नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतही अशा उपकरणाची तरतूद आहे.

अर्थिंग नसली तरी आरसीसीबी चालते का, हा प्रश्न हमखास येतो. चालते, पण फरक आहे. अर्थिंग असेल तर कूलरमधून गळती सुरू होताच ती पडते, कुणाचा हात लागण्याआधी. अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर पडते. झटका बसतो, जीव वाचतो. म्हणून दोन्ही हवे. आणि तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, आणि जमिनीकडे काहीच गेले नाही, तर तिचा जमाखर्च बरोबरच दिसेल. ती पडणार नाही. तसेच जास्त भारालाही ती पडत नाही. त्यासाठी एमसीबी लागतेच.

जुन्या घरात ती बसवली की पहिल्या आठवड्यात सारखी पडते, आणि मग घरचे म्हणतात, ‘काढून टाका ही कटकट.’ काढू नका. कधी इन्व्हर्टरचा न्यूट्रल मुख्य न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो, कधी गीझरचा रॉड गळत असतो, कधी गच्चीतल्या दिव्यात पाणी असते. ती पडते तेव्हा आधीच असलेला दोष दाखवत असते. शोधून दुरुस्त करून घ्या.

आरसीसीबीवर एक छोटे बटण असते, त्यावर टी असे लिहिलेले असते. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचे. दाबले की ती पडली पाहिजे. नाही पडली तर ती मेली, बदला. महिन्याची आठवण कशी राहणार? आपल्याकडे दर महिन्याला संकष्टी येते. उपास करा न करा, संकष्टीच्या सकाळी ते बटण दाबा. घड्याळे पुन्हा लावावी लागतील, एवढाच त्रास.

आता उत्सवापुरते थोडे. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची रोषणाई बघत आपण मोठे झालो, तेव्हा घरच्या मखरालाही दिवे हवेतच. पण माळेची तार मखराच्या खिळ्यांत चेपू नका. सोललेल्या तारा काडेपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटात लावू नका. एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडू नका. कापड, थर्मोकोल आणि कागद यांच्यापासून तापणारे दिवे लांब ठेवा. निरांजन आणि अभिषेकाचे पाणी तारेपासून दूर. रात्री निजताना माळा बंद करा, समई हवी तर जपून ठेवा. मंडपात लोखंडी खांबाला तार बांधायची असेल तर मध्ये इन्सुलेशन हवे, आणि मंडपाच्या तात्पुरत्या बोर्डावरही ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. तिथे लहान मुले अनवाणी असतात आणि पाऊस सांगून येत नाही.

कुणाला शॉक बसून तो चिकटला तर धावत जाऊन त्याला धरू नका, नाहीतर दोघे अडकाल. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला तारेपासून वेगळे करा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी. यासाठी मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. नातवाला आणि कामाच्या बाईंनासुद्धा. मेनच्या समोर कपाट, सायकल, पेपरची रद्दी नको.

शेवटी, घरी गेल्यावर करायची कामे. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याला चारच प्रश्न विचारा. आमच्या घरात अर्थिंग खरोखर आहे का, मोजून दाखवा. कुठल्या बोर्डात अर्थिंग आणि न्यूट्रल एकत्र जोडलेले आहेत का? एमसीबी तारेच्या जाडीला साजेशी आहे का? आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी कुठे बसेल? तारा आणि सॉकेट आयएसआय चिन्हाचेच घ्या. पूर्ण वायरिंग बदलायला मोठा खर्च येतो, तो सगळ्यांना लगेच जमेल असे नाही. पण आरसीसीबी आणि अर्थिंग यांचा खर्च एका एसीच्या किमतीपुढे थोडाच आहे. बाहेरगावी असलेल्या मुलांना यंदा आईवडिलांसाठी काही पाठवायचे असेल, तर आम्ही म्हणू, आधी हे करून द्या, मग एसी पाठवा.

समाजातल्या ज्या घरांत वृद्ध मंडळी एकटी राहतात, तिथे उत्सवानंतरच्या रविवारी आम्ही दोघे-तिघे येऊन तपासणी करून देऊ. त्याचे काही पैसे नाहीत. कार्यालयात वही ठेवली आहे, तिच्यात पत्ता लिहून ठेवा. ज्यांच्या घरात तो चपलेचा नियम आहे, त्यांनी नाव सर्वांत आधी लिहा, आणि आम्ही येईपर्यंत त्या वस्तूचा प्लग काढून ठेवा.

 गणपती बाप्पा मोरया!